मनकर्णाबाईंचं नाक

मनकर्णाबाई फालकांच्या नाकाची ख्याती माहेरी, शाहपूरला होती. सासरी कुणाला तिचा पत्ताच नव्हता. वडलांची केळीची बाग. घड उतरवून पाल्याखाली झाकून ठेवले, की कुठला आज तयार झाला आणि कुठल्याला अजून दोन दिवस हवेत, हे दहा वर्षांची मनकर्णा डोळे मिटून सांगायची. वडील पाहुण्यांसमोर तिच्याकडून हे करून घ्यायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. लग्न झालं आणि नाकाचं काम एवढंच उरलं: दूध नासलं का बघ, डाळ बुडाला लागली का बघ.

यादवराव नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. जुना कागद भिजवून त्याचा लगदा करायचा, त्या खात्यात तेहतीस वर्षं. ते घरी आले की सायकल भिंतीला टेकायच्या आधी त्यांचा वास आत यायचा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा, दमट, किंचित आंबूस. कितीही साबण चोळा, शर्टाच्या कॉलरीत तो राहायचाच. पहिलं वर्षभर मनकर्णाबाईंना त्यानं मळमळायचं. पुढे पुढे तो वास आला की त्या न बघताच चहाचं आधण ठेवायच्या.

निवृत्तीनंतर दोघांनी बुऱ्हाणपूरला लालबाग रस्त्यावरच्या एका कॉलनीत दोन खोल्यांचं घर घेतलं. एकुलती एक लेक, तृप्ती, इंदूरला शिकली, लग्न करून अमेरिकेला गेली. आणि पौषातल्या एका सकाळी, चहाचा कप हातात असतानाच, यादवराव गेले. आजार नाही, काही नाही. थोरली नणंद मालूबाई निंबोल्याहून आली ती पंधरा दिवस राहिली. तेराव्याला तिनं भावाचे सगळे कपडे धुऊन, घड्या घालून वाटून टाकले. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणाली. मनकर्णाबाईंना एक शर्ट हवा होता, न धुतलेला. पण असं मागायचं कसं?

त्यानंतरची चार वर्षं एकसारखी गेली. अर्धी वाटी तांदूळ, दोन पोळ्या. दिवसातलं पहिलं वाक्य बहुतेक भाजीवाल्याशी, तेही "कैसे दिये?" एवढंच. कधी कधी आपला आवाज बसला तर नाही ना, हे बघायला त्या मोठ्यानं कॅलेंडरवरची तिथी वाचायच्या.

मग तृप्तीला दिवस गेले आणि तिनं आईला बोलावून घेतलं.

कॅलिफोर्नियातल्या लोडाय नावाच्या गावी मनकर्णाबाई ऑगस्टअखेर पोचल्या. परतीचं तिकीट फेब्रुवारीचं होतं. नातू झाला, त्याला न्हाऊमाखू घालण्यात, तृप्तीला डिंकाचे लाडू करून घालण्यात तीन महिने कसे गेले कळलं नाही. त्या दिवसांत खिडकी उघडली की बाहेरून एक वास यायचा. गोड, आंबलेला, जड. "काय गं हे?" विचारलं तर तृप्ती म्हणाली, "द्राक्षं आई. इथे सगळीकडे वाइन करतात. आपल्याकडे केळी तशी यांच्याकडे द्राक्षं."

डिसेंबरात तृप्तीची सुट्टी संपली. बाळाला पाळणाघरात घातलं. सकाळी साडेसातला जावई निरंजन, तृप्ती आणि बाळ एकाच गाडीतून निघून जायचे आणि संध्याकाळी सहाला परत यायचे. ज्या कामासाठी मनकर्णाबाई आल्या होत्या ते काम संपलं होतं, तिकिटाला मात्र अजून अडीच महिने होते. बुऱ्हाणपूरला निदान भाजीवाला होता. इथे रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. घरंच घरं, सगळी बंद, आणि सकाळपासून धुकं.

त्या चालायला लागल्या. कॉलनी संपली की लगेच द्राक्षांचे मळे. पानं झडलेले, गुडघ्याएवढे काळे, वाकडेतिकडे बुंधे. एके दिवशी धुक्यात वळण चुकलं. हिंडून हिंडून पाय दुखायला लागले तेव्हा एक लाकडी इमारत दिसली, आत पिवळा दिवा. दारात एक बाई झाडत होती. स्वेटर, जीन्स, आणि पाठीवर लांब वेणी. तिनं वर पाहिलं, मनकर्णाबाईंचं पातळ पाहिलं, कपाळ पाहिलं आणि म्हणाली, "आंटीजी, अंदर आ जाओ. बाहर ठंड है."

सतविंदर तिचं नाव. होशियारपूरची, वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मुलगा कॉलेजला दूर. ती या वाइनरीच्या चाखायच्या खोलीत नोकरी करायची. येणाऱ्या गिऱ्हाइकांना पाच-सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या ओतून द्यायच्या, त्यांची माहिती सांगायची, आवडली तर बाटली विकायची. धुक्याच्या दिवसांत मंगळवारी-बुधवारी कुणी येत नसे. तिनं मनकर्णाबाईंना चहा करून दिला. एक बुऱ्हाणपूरच्या हिंदीत, दुसरी पंजाबी वळणाच्या, अशा दोघी तासभर बोलल्या. मनकर्णाबाईंना घरी जाताना आपला घसा दुखतोय असं जाणवलं. इतकं बोलायची सवयच राहिली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा गेल्या, या वेळी मुद्दाम. चहा पिताना त्यांचं लक्ष काउंटरवरच्या ग्लासांकडे जात होतं. कालच्या गिऱ्हाइकांनी तळाशी ठेवलेलं काहीतरी होतं, आणि त्याचा वास इथपर्यंत येत होता.

"चखोगे, आंटीजी?"

"ना बाई. दारू आहे ती." हे त्या मराठीतच बोलून गेल्या.

पण सतविंदर ग्लास घेऊन आलीच होती. "पीना नहीं. सिर्फ सूँघो."

वासाला काय हरकत? तृप्ती झाली तेव्हा सासूनं महिनाभर द्राक्षासव पाजलं होतं, तेही द्राक्षांचंच. मनकर्णाबाईंनी ग्लास नाकाशी नेला. सतविंदरनं सांगितलं तसा गोल फिरवला, पुन्हा नाकाशी नेला. पांढरी वाइन होती, म्हणजे पाण्याला हिरवट-पिवळी झाक. त्यांनी डोळे मिटले.

"कच्चा पेरू," त्या म्हणाल्या. "अमरूद. आणि घास काटते ना, ताजी, उसके जैसा."

सतविंदरनं काउंटरमागचा छापील कागद काढला आणि बोटानं ओळ दाखवली. इंग्रजीत तेच लिहिलं होतं.

मग दुसरी पांढरी आली, शार्डने. ही लाकडाच्या पिंपात ठेवलेली, रंगानं सोनेरी. मनकर्णाबाईंना तिच्यात लोणी कढवतानाचा वास आला, बेरी तळाशी बसायच्या जरा आधीचा. त्या घोटभर प्यायल्या. जिभेवर ती दुधासारखी जाड लागली आणि मग बाजूंनी आंबट झाली. घशाखाली गेली तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना हसू आलं. किती वर्षांनी एकट्या हसल्या, म्हणजे एकट्या नव्हत्याच म्हणा.

तांबड्या वाइनकडे त्या पुढच्या मंगळवारी आल्या. झिनफांडेल नावाची, त्या वाकड्या काळ्या बुंध्यांचीच. ते बुंधे शंभर वर्षांचे होते. फळ थोडं देतात पण गोडी त्यांचीच, असं सतविंदर म्हणाली. मनकर्णाबाईंनी वास घेतला आणि म्हणाल्या, "जांभूळ. जांभळावर कुणीतरी काळी मिरी ठेचून टाकलीय."

"क्या?"

"जामुन."

सतविंदरचा हात तसाच राहिला. "जामुन!" ती म्हणाली. "आंटीजी, आठ साल से मैं सबको बोलती हूँ, ब्लॅकबेरी, ब्लॅकबेरी. मैंने तो ब्लॅकबेरी यहाँ आकर देखी. जामुन है ये! मुझे याद ही नहीं आ रहा था!" आणि ती ओढणी नसलेल्या खांद्यावर उगीच ओढणी सावरल्यासारखं करून डोळे पुसायला लागली.

पुढे हे दर मंगळवारी चालू झालं. मनकर्णाबाई शिकल्या, म्हणजे आधीच येत होतं त्याला रीत लावली. पांढरी आधी, तांबडी नंतर. हलकी आधी, जड नंतर. तोंडात घोळवून बादलीत थुंकायचं, नाहीतर तिसऱ्या ग्लासाला नाक बधिर होतं. चारचौघांत थुंकायची त्यांना फार लाज वाटे, मग त्या पदर आडवा धरून थुंकायच्या. कॅबर्ने नावाच्या जड तांबडीनं हिरड्या सुपारी चोळल्यासारख्या तुरट होत. पिनो नावाच्या हलक्या तांबडीचा वास ओल्या पानांचा आणि डाळिंबाच्या सालीचा. सतविंदर चाखणीचे छापील कागद त्यांच्यापुढे ठेवायची आणि त्या नावांपुढे मराठीत लिहायच्या. मग सतविंदर म्हणायची, आता वाचून दाखवा. त्या वाचायच्या, आणि हिंदीत समजावून सांगायच्या. माणूस आपलं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकतं, हे मनकर्णाबाईंना नवीन होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी दोन गिऱ्हाइकं आली. सॅन फ्रान्सिस्कोकडचं तरुण जोडपं. सतविंदरनं तांबडीची नवी बाटली उघडली, त्या दोघांना ओतली, सवयीनं थोडी मनकर्णाबाईंनाही. दोघांनी ग्लास फिरवले, वास घेतला, चाखली, मान डोलावली.

मनकर्णाबाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि त्या होत्या तिथेच थांबल्या.

सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज तेवढा आला नाही. बाकी सगळं होतं. दमट पुठ्ठा. भिजत पडलेली रद्दी. किंचित आंबूस.

"सतविंदर," त्या म्हणाल्या, "इसमें गीला कागज है."

सतविंदरनं आपल्या ग्लासात ओतून वास घेतला. तिला काही कळलं नाही. पण या बाईचं नाक तिला माहीत झालं होतं. तिनं मागच्या खोलीतल्या मालकाला हाक मारली. फ्रँक, पंचाहत्तरीचा म्हातारा, कानाला यंत्र. त्यानं ग्लासात नाक घातलं, बराच वेळ उभा राहिला, आणि मान हलवली. बुचानं बाटली बिघडली होती. कधीमधी एखादं बूच असं निघतं, त्यातून हा वास वाइनमध्ये उतरतो. त्यानं जोडप्याची माफी मागितली, दुसरी बाटली उघडली. मग मनकर्णाबाईंकडे वळून काहीतरी बोलला. सतविंदरनं सांगितलं, "कहते हैं, इतना हल्का था कि दस में नौ लोगों को पता नहीं चलता. आपको कैसे पता चला?"

मनकर्णाबाईंनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. फ्रँक बाटली मोरीत ओतायला निघाला. "नको!" त्या एकदम म्हणाल्या. "ओतू नका. मत फेंको."

"आंटीजी, वो खराब है."

"खराब नहीं है. मेरे घर का है."

सतविंदरला अर्थ लागला नाही, पण तिनं बाटली फ्रँकच्या हातून घेतली. मनकर्णाबाई ग्लास घेऊन मागच्या अंगणातल्या बाकावर जाऊन बसल्या. धुकं होतं. त्या प्यायल्या नाहीत. पदरानं ग्लासाचं तोंड झाकायच्या, थोड्या वेळानं उघडून वास घ्यायच्या, पुन्हा झाकायच्या. तासाभरानं नाकाला तो वास येईनासा झाला. नाक सरावलं होतं. तेव्हा त्या रडल्या, अगदी थोडं, आणि उठून ग्लास विसळायला आत गेल्या.

त्या दिवसानंतर फ्रँकनं त्यांना एक काम दिलं. मंगळवारी सकाळी खोली उघडायच्या आधी, दिवसभरासाठी उघडलेल्या बाटल्यांचा वास घेऊन कुठली ठीक, कुठली नाही ते सांगायचं. पाच आठवडे त्यांनी ते केलं. घड ओळखणाऱ्या मुलीसारखीच त्यांची ताठ मान व्हायची, फक्त आता हसणारे वडील नव्हते.

तृप्तीला हे कळलं तेव्हा ती हसत सुटली. "आई, तू? वाइनरीत?" मग जरा गप्प होऊन म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू येते तेव्हा दमलेली असते, बाई."

"तिकडे गेल्यावर कुणाला सांगू नको हं. आत्या तुला घरात घेणार नाही."

निघताना फ्रँकनं दोन बाटल्या दिल्या. एक त्या जुन्या बुंध्यांची तांबडी, एक पांढरी. सतविंदरनं त्या स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत घातल्या. विमानतळावर कुणी विचारलं तर घाबरू नका, दोन चालतात, असं तीनदा बजावलं. आणि फोन करत जा म्हणाली.

बुऱ्हाणपूरला परत आल्यावर घर उघडलं तेव्हा आतून बंद हवा आणि पालीचा वास आला. मनकर्णाबाईंनी बाटल्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडव्या ठेवल्या, वर पालक पसरला.

आधी त्यांना फक्त माणसाची उणीव होती. आता सांगायला काहीतरी होतं, आणि सांगायला कुणी नव्हतं. इतवारा बाजारात त्या मसाल्याच्या दुकानासमोर उभ्या राहायच्या आणि मनात म्हणायच्या, ही मिरी त्या तांबडीत होती, ही वेलची कशातच नव्हती. मावा-जलेबीच्या कढईजवळ मावा तापत असायचा, त्यांना शार्डने आठवायची. समोर राहणाऱ्या शाळामास्तरीण रोहिणीला एकदा त्यांनी विषय काढून पाहिला. "तिकडे बायका वाइन पितात, वास घेऊन घेऊन." रोहिणी म्हणाली, "अरे बापरे! काकू, मग तुम्ही काय करत होत्या तेव्हा?" "मी काय करणार," मनकर्णाबाई म्हणाल्या, "बसून राहायची." घरी आल्यावर त्यांना स्वतःचा राग आला.

बाटल्या कधी उघडायच्या, हेही ठरेना. एकटीनं उघडायची? तांबडी तरी दोघांची होती, असं त्यांना वाटायचं. म्हणजे कोण दोघं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये मालूबाईचा मुलगा जितेंद्र कूलर लावून द्यायला आला. पाणी पिण्यासाठी त्यानं फ्रिज उघडला. मनकर्णाबाई तेव्हा बाजारात होत्या. आल्या तेव्हा कूलर सुरू होता, जितेंद्र गेलेला, आणि पालकाखाली एकच बाटली होती, पांढरी.

चार दिवसांनी तो हसत आला, हातात दराबा मिठाईचा डबा. "मामी, ती बाटली मी नेलती बरं का. तुम्हाला कुणी दिली असंल गिफ्ट, तुम्ही काय करणार तिचं? शाहपूरच्या मळ्यात बसलो चौघं दोस्त. पण लय कडू यार ती! मग कोल्ड्रिंक टाकलं, बरफ टाकला, तवा कुठी गेली घशाखाली."

मनकर्णाबाईंनी डबा घेतला, ओट्यावर ठेवला. "वास कसा होता रे?"

"वास?" जितेंद्रला समजेना. "वास कोण घेतं, मामी?"

वाईट मुलगा नव्हता तो. मामाला खांदा देणाऱ्यांत पुढे होता. त्याच्यावर रागावणार कसं आणि आपलं काय गेलं हे त्याला सांगणार कसं? त्यांनी त्याला चहा करून दिला.

पण जितेंद्रनं घरी सांगितलं, आणि पुढच्या सोमवारी मालूबाई निंबोल्याहून सकाळच्या बसनं आली. पंचाहत्तरीची, काठी टेकत. चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"मनकर्णे, खरं हाय का हे? माझ्या भावाच्या घरात दारू ठेवली तू?"

"आहे, आक्का. एक राहिलीय अजून."

"अन् पेतेबी?"

"तिकडे चाखली. इथे नाही अजून."

"लाज नाही वाटत? या वयात? लोक काय म्हणतीन मले?"

मनकर्णाबाईंनी तिला पाट दिला, पाणी दिलं. मग समोर बसून सगळं सांगितलं. धुकं, सतविंदर, जांभूळ, आणि ती बिघडलेली बाटली. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की हे त्या पहिल्यांदाच कुणाला मराठीत सांगतायत. "आक्का, ते आले की दारातून जो वास यायचा ना, कारखान्याचा, तोच होता. अगदी तोच. मी तासभर घेऊन बसले."

मालूबाई काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिली. कूलर गुरगुरत होता.

"कपडे मीच धुतले त्याचे," ती म्हणाली.

"हो."

"तुले ठेवायचा व्हता एखादा?"

"एखादा."

"मंग बोलली का नाही वं तू?"

मनकर्णाबाई ताटं घ्यायला उठल्या. दोघी जेवल्या. मालूबाईनं वांग्याच्या भाजीला नावं ठेवली नाहीत, हेच खूप झालं. मनकर्णाबाईंनी भीत भीत विचारलं, "आक्का, पांढरी उघडू? नुसता वास घ्या."

"ना माय. मी काही तसल्या कामाची नाही." आणि चारच्या बसला ती निघाली. फाटकाशी थांबून म्हणाली, "आंबूस व्हता नाही का तो वास जरासा?" आणि उत्तराची वाट न बघता काठी टेकत रस्त्याला लागली.

त्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मनकर्णाबाईंनी पांढरी बाटली उघडली. सतविंदरला आदल्या दिवशी कळवून ठेवलं होतं. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि तिचा नवरा ट्रकवर होता. सतविंदरनं स्वतःसाठी तीच वाइन आणून ठेवली होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून मनकर्णाबाई सरबताचा काचेचा ग्लास घेऊन बसल्या.

"पहले आप बोलो, आंटीजी."

त्यांनी वास घेतला. बाहेर ऊन तापायला लागलं होतं, पत्रे कडकड वाजत होते. "मोसंबीची साल," त्या म्हणाल्या. "आणि... थांब. कैरी नाही. कैरीची कोय फोडली की आतून येतो तो. और थोड़ा गीला पत्थर, नदी का."

"मुझे तो सिर्फ मोसंबी आ रही है."

"परत घे. हळू."

चाळीस मिनिटं त्या बोलल्या. मग सतविंदरला जांभया यायला लागल्या, सकाळी तिची ड्युटी होती. फोन बंद झाला आणि खोलीत कूलरचा आवाज एकदम मोठा झाला. ग्लासात दोन घोट होते. मनकर्णाबाई ते सावकाश प्यायल्या. दारं बंद होती. दुपारी त्या वरण-भात जेवल्या आणि झोपल्या.

उघडलेली वाइन तीन-चार दिवसच टिकते, हे त्यांना ठाऊक होतं. शुक्रवारी त्यांनी अर्धा ग्लास घेतला. मोसंबी तशीच होती, दगड मात्र गेला होता. शनिवारी सतविंदरला फोन लावला, तो लागला नाही. वाइन जिभेवर सपाट लागत होती. रविवारी वासात फक्त आंबट उरलं. सोमवारी त्यांनी तळाशी राहिलेलं मोरीत ओतलं, बाटली राखेनं घासून धुतली, उपडी ठेवली.

आता रिकाम्या बाटलीचा प्रश्न होता. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत कॉलनीत येते तेव्हा सगळ्या बायका आपापल्या फाटकाशी उभ्या असतात. आधी मनकर्णाबाईंनी बाटली जुन्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मग गाडीचं गाणं वळणावर ऐकू आलं तेव्हा त्यांनी गाठ सोडली आणि बाटली तशीच हातात घेऊन बाहेर आल्या.

गाडीवरची मथुराबाई काच वेगळी ठेवायची. तिनं बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "अच्छी बोतल है, काकी. तेलाची का?"

समोरच्या फाटकात रोहिणी उभी होती.

"नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाइनची. कॅलिफोर्नियाची, पांढरी. मी प्याले."

मथुराबाईनं एकदा त्यांच्याकडे, एकदा बाटलीकडे पाहिलं आणि ती काचेच्या पोत्यात हळूच ठेवली. रोहिणीनं आपली बादली गाडीत उपडी केली. गाडी पुढच्या घरासमोर गेली.

कॉलनीत आठ-दहा दिवस कुजबूज झाली, मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि लोक गावोगाव गेले. रोहिणीनं येणं थोडं कमी केलं. मालूबाईला कुणीतरी कळवलंच असणार, पण तिनं त्यावरून फोन केला नाही. तृप्तीनं विचारलं, पुढच्या वर्षी येते का? येईन म्हणाल्या.

सतविंदर गुरुवारी फोन करते. दर गुरुवारी नाही, जमेल तसा. तिकडे नवी बाटली उघडली की ती ग्लास फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरते आणि आपल्याला काय वास आला ते सांगते. मनकर्णाबाई ऐकतात आणि विचारतात, "और? और क्या?" दहा वाजून गेले आणि आता फोन येणार नाही असं वाटलं, की त्या उठतात आणि अर्धी वाटी तांदूळ धुवायला घेतात.